घोडा आधी, स्वार नंतर : छोट्या फिगरमधून मराठी घोडदळ उभं करताना

रंगवायला बोटभर उंचीचा पहिला घोडेस्वार (फिगर) हातात आला की नवखा माणूस थेट पागोट्यावर ब्रश ठेवतो. मग अंगरखा, कमरबंद, ढालीवरची फुलं, मिशा. दोन संध्याकाळी त्यात जातात आणि उरलेल्या दहा मिनिटांत घोड्यावर तपकिरी रंगाचा एक हात फिरतो. पथक टेबलावर मांडल्यावर मात्र तीन फुटांवरून नजरेत भरतो तो घोडाच, कारण फिगरचा निम्म्याहून जास्त भाग त्याचा असतो. म्हणून या लेखात घोडा आधी आहे. तो नीट उभा राहिला की स्वार आपोआप शोभतो.

मी सोलापूरचा. माझं बहुतेक काम भीमाकाठच्या १६९५ ते १६९९ या वर्षांवर आहे. मंगळवेढ्याच्या रस्त्याला माचणूरचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे, आणि तिथल्याच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी चार वर्षांहून जास्त पडून होती. त्याच सुमारास संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांची पथकं मोगली फौजांना झोप लागू देत नव्हती. १६९५ सालीच संताजींनी दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाला कोंडलं. तुम्ही पालखेड (१७२८), पानिपत (१७६१) किंवा खर्डा (१७९५) घेतलंत तरी हातकाम तेच राहील. फक्त काळ आधी ठरवा आणि त्याला चिकटून राहा. काळ न ठरवता घेतलेल्या फिगर पुढे एका पथकात बसत नाहीत, हे बऱ्याच जणांना पैसे गेल्यावर कळतं.

काय विकत घ्यावं

दोन मापं नवख्याला सोयीची. एक १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, यात माणूस साधारण अडीच सेंटिमीटरच्या आत असतो. दुसरं २८ मिमी, थोडं मोठं आणि चेहरा रंगवायला सोपं. १/७२ चे डबे स्वस्त पडतात आणि एका डब्यात बहुधा बाराएक स्वार मिळतात. शिकायला हेच घ्या, चार घोडे बिघडले तरी जीव तुटत नाही.

१/७२ चं प्लास्टिक बहुधा मऊ, वाकणारं असतं आणि त्यावर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. माझं पहिलं पथक मी न धुताच रंगवलं. तीन आठवडे खपून बारा स्वार केले आणि टेबलावरच्या पहिल्याच लढाईच्या खेळात घोड्यांच्या पायांवरून रंगाच्या पापुद्र्या निघाल्या. तेव्हापासून माझा नियम असा: कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकायचं, जुन्या टूथब्रशने प्रत्येक फिगर घासायची, स्वच्छ पाण्यात खंगाळून रात्रभर वाळवायची. वाकडा भाला किंवा पाय सरळ करायचा असेल तर तो भाग गरम पाण्यात धरायचा, बोटांनी सरळ करायचा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवायचा.

२८ मिमीच्या हार्ड प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट लागतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनला फेविक्विकसारखा गोंद चालतो. एक गोष्ट आपल्याकडच्या हवेची: असा गोंद हवेतल्या दमटपणाने धरतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की थेंब तसाच ओला बसून राहतो. अशा वेळी जोडावर हलकेच तोंडाची वाफ सोडा. जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे ब्रशचं टोक ओठांनी करायची सवय लावू नका आणि काम झाल्यावर हात धुवा. रेझिन घासताना मास्क हवाच.

घोडे पाहायला जा

ही पायरी कोणी करत नाही आणि तिच्यानेच सगळा फरक पडतो. आपल्या जिल्ह्यात अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. एक दिवस काढून जा. ते जमलं नाही तर वरातीचा घोडा आहेच. त्याच्या मालकाला विचारून जवळून दहा मिनिटं बघा. गुडघ्याखाली रंग कुठे बदलतो, नाकपुड्यांभोवतीची कातडी कशी दिसते, खोगिराखालचा घाम वाळल्यावर कडा कशी उमटते, आयाळ मानेच्या एकाच बाजूला कशी पडते. फोनवर फोटो काढा, पण आधी डोळ्यांनी बघा.

घोडेवाल्यांकडून रंगांची नावंही शिका, ती रंगवताना थेट कामाला येतात. कुमेत म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ, काळी शेपटी, काळे पाय. सुरंगाची आयाळ अंगाच्याच लालसर रंगाची. मुश्की काळा. नुकरा पांढरा, पण कातडी गुलाबी, म्हणून नाक आणि डोळ्यांच्या कडाही गुलाबी. अबलख म्हणजे पांढऱ्यावर मोठे काळे किंवा तांबडे डाग. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. बारा घोड्यांच्या पथकात मी चार-पाच कुमेत, तीन सुरंग, दोन मळकट पांढरे, एक मुश्की घेतो आणि अबलख फार तर एक. अबलख रंगवायला मजा येते म्हणून चार केले की पथक सर्कशीसारखं दिसतं.

आकारही बघा. मराठी फौजेचा भर भीमथडीच्या काटक, ठेंगण्या तट्टांवर होता. युरोपातल्या जड घोडदळाचे घोडे आपल्या स्वाराखाली घातले तर चित्र चुकतं. मंगोल किंवा तत्सम गवताळ मुलखातल्या स्वारांच्या डब्यांतले घोडे अंगाने बरोबर बसतात. मोठा अरबी घोडा सरदारासाठी राखून ठेवा, त्याने तो गर्दीत आपोआप उठून दिसतो.

चाल आणि बदल

हार्ड प्लास्टिकचे घोडे बहुधा डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्यांत येतात. एका घोड्याचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धा जोडला तर नवीन घोडा तयार होतो. फक्त जोडण्यापूर्वी चाल तपासा. दुडक्या चालीत तिरके पाय जोडीने उचलले जातात, पुढचा डावा आणि मागचा उजवा. भरधाव पळताना एक क्षण चारही पाय हवेत असतात, आणि त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. जुन्या चित्रांत पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला जो घोडा दिसतो, तसा घोडा पळत नाही. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून फोटो काढले तेव्हा हे जगाला दिसलं. पोटाखाली आणि आयाळीवर जोडाची रेघ राहते, ती पुटीने (मळून लावायची, नंतर कडक होणारी लुगदी) भरून कानशीने घासा.

सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त जीव आणणारा बदल म्हणजे मान वळवणं. बारीक करवतीने मान खांद्याजवळ कापा, आतल्या बाजूने पाचरीएवढा तुकडा काढा, डोकं थोडं वळवून जोडा. जोडात तार घाला, नुसत्या गोंदावर विसंबू नका. त्यासाठी हाताने फिरवायचं छोटं ड्रिल लागतं. ०.८ आणि १ मिमीची पाती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात, कारण सर्किट बोर्डाला तीच वापरतात. करवत, कानशी, चिमटे सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानातून घ्या, ते आयुष्यभर टिकतात.

आता घोड्याचं सामान. युरोपीय फिगरवरच्या पिस्तुलाच्या पिशव्या आणि मागची गोल वळकटी कापून टाका. आपलं खोगीर म्हणजे कापडात भरलेली जाड गादी. पुटीचा पातळ तुकडा पाठीवर बसवा, कडा बोटाने गोलसर करा आणि सुईने टाके उठवा. खोगिराला तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, लटकवा. मुगाच्या डाळीएवढा गोळा, वरून दाबून सुरकुत्या पाडल्या की झाला. मागे घोंगडीची वळकटी बांधा. तंग आणि रिकिबीच्या पट्ट्या सिगारेटच्या चांदीच्या कागदातून कापता येतात. पाखर, म्हणजे घोड्याचं चिलखत, मोगली बाजूच्या काही घोड्यांना घाला. संताजींच्या हलक्या स्वारांना ती घालू नका.

पुटी दोन प्रकारची जवळ ठेवा. खोगीर, घोंगडी, जमीन यांना एम-सील पुरतं, पण ते जरा रवाळ असतं. चेहरा आणि पागोटं यांना ग्रीन स्टफ नावाची बारीक कामाची पुटी. त्याची निळी-पिवळी पट्टी एकमेकींना चिकटून येते. मधला चिकटलेला भाग आधीच कडक झालेला असतो, तो कापून टाका, नाहीतर गोळ्यात खडे येतात. बोटं आणि हत्यार पाण्याने ओलं ठेवा. उन्हाळ्यात दोन्ही पुट्या लवकर धरतात, म्हणून एका वेळी एकाच फिगरपुरती मळा.

पागोटं असं करतो. स्वाराची मूळ टोपी कापून डोकं गोल करून घेतो. ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा डोक्यावर बसवतो आणि तासभर थांबतो, म्हणजे वर दाब पडला तरी तो सरकत नाही. मग पुटीची शेवईसारखी बारीक वळी लाटतो, ब्लेडच्या सपाट बाजूने चपटी करतो आणि कपाळापासून तिरकी गुंडाळायला घेतो. एक वेढा डावीकडे चढता, दुसरा उजवीकडे, जिथे छेदतील तिथे सुईच्या टोकाने हलका दाब. चार वेढे पुरे. शेवटी मागे शेमला, म्हणजे पागोट्याचं लोंबतं टोक, सोडतो आणि घोडा ज्या दिशेने पळतोय त्याच्या उलट बाजूला उडवतो. बारा स्वारांचे शेमले एकाच बाजूला उडाले की वारा दिसतो.

भाल्यासाठी प्लास्टिकचा दांडा ठेवू नका, तो वाकतोच. पितळी तार घ्या, टोक हातोडीने चपटं करून कानशीने पातं घासा. मूठ ड्रिलने आरपार भोका आणि भाला त्यातून घाला.

पथक कसं दिसावं हे इतिहासच सांगतो. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई, बारगिराला घोडा पागेतून मिळे. म्हणून शिलेदारांच्या पथकात दोन स्वार सारखे दिसता कामा नयेत, तर बारगिरांची खोगिरं एका रंगाची चालतात. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीने पाणी पुरवणारा) आणि एक नालबंद असे. एका बेसवर (फिगर उभी करायच्या पट्टीवर) हे दोघं करा, बैलावरची पखाल आणि पाय उचलून धरलेला घोडा. माझ्या पथकात लोक सगळ्यात जास्त वेळ हाच बेस बघतात.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पाया-थर. स्प्रे प्रायमर वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ, दोन हातांत. वेळ महत्त्वाची. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर थेंब फिगरपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा होतो. माझे सहा स्वार असे गेले. तेव्हापासून मी सकाळी आठच्या आत हे काम उरकतो. पावसाळी दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारला तर पांढरी धूसर साय येते, म्हणून वार्निश मी ब्रशनेच लावतो.

घोडा आणि स्वार वेगळे रंगवा. स्वाराच्या बुडाला तार घालून तो बाटलीच्या बुचावर रोवा, घोडा आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवा. एकत्र जोडलेल्या फिगरमध्ये खोगिराकडचा भाग ब्रशला सापडत नाही.

कुमेत रंगवणं

नवख्याला मी तैलरंगाची पद्धत शिकवतो, कारण तिच्यात सावल्या आपोआप पडतात. घोड्यावर आधी अॅक्रिलिकचा फिकट मातकट पिवळा रंग लावा, यलो ऑकरमध्ये थोडा पांढरा. पूर्ण वाळू द्या. मग कॅमलच्या तैलरंगाच्या ट्यूबमधून बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर सारखे घ्या, टर्पेंटाइनचा एक थेंब, आणि सगळ्या घोड्याला लावून टाका. तो चिखलात लोळल्यासारखा दिसेल, घाबरू नका. पंधरा मिनिटं थांबा. मग मऊ स्पंजने किंवा जुन्या बनियनच्या तुकड्याने हलके टिपा. छाती, पुठ्ठे, मानेचा वरचा भाग इथला रंग निघतो आणि खालचा फिकट रंग वर येतो. पोटाखाली, मांड्यांच्या खोबणीत, मानेच्या शिरांत तो राहतो. खऱ्या घोड्याच्या अंगावर ऊन जसं पडतं तसंच हे दिसतं. आपला सोलापुरी टॉवेल मात्र यासाठी घेऊ नका, त्याचे तंतू ओल्या रंगात चिकटतात आणि मग चिमट्याने काढत बसावं लागतं.

दोन-तीन दिवस धूळ लागणार नाही असं झाकून ठेवा. मग काळे भाग. निव्वळ काळा वापरू नका, त्यात बर्न्ट अंबर मिसळा. गुडघ्यापासून खाली पाय, आयाळ, शेपटी, नाकाचा शेंडा. गुडघ्याजवळ कडा कापल्यासारखी ठेवू नका, ओलसर ब्रशने वर ओढून तपकिरीत मिसळवा. वाळल्यावर आयाळीवर करड्या रंगाच्या चार-पाच बारीक रेघा. एखाद्या घोड्याच्या कपाळावर टिळा, एखाद्याचा एकच पाय पांढरा. पाय पांढरा असला की त्याचा खूर बहुधा फिकट शिंगाच्या रंगाचा असतो, बाकीचे गडद. डोळा गडद तपकिरी आणि त्यात वरच्या बाजूला पांढरा सूक्ष्म ठिपका. माणसाच्या डोळ्यासारखं पांढरं बुबुळाभोवती रंगवलं तर घोडा भेदरलेला दिसतो.

पांढरा घोडा पांढऱ्याने सुरू करू नका. आधी उबदार करडा, त्यावर फिकट करडा, आणि फक्त उंचवट्यांवर दुधाळ पांढरा.

रंग पातळ करायला बोअरचं पाणी घेऊ नका. त्यातला क्षार वाळल्यावर खोबणीत पांढरा फुटतो. पिण्याचं आरओचं पाणी बाटलीत भरून ठेवा. आणि पॅलेट ओलं असू द्या: पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. उघड्या ताटलीत आपल्याकडे उन्हाळ्यात अॅक्रिलिक पाच मिनिटांत चामडं होतं.

स्वार

स्वाराला वेळ कमी लागतो. कातडीवर तपकिरी रंग, त्यावर नाक, गाल आणि बोटांच्या पेरांना फिकट हात. अंगरखा सुती, म्हणून मळकट पांढरा. खाकीपासून सुरू करून साईच्या रंगापर्यंत चढा.

रंगीत कापड निवडताना एक वर्ष लक्षात ठेवा, १८५६. त्या वर्षी पहिला कृत्रिम रंग तयार झाला. त्याआधीचं कापड नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा यांतलं. कुसुंबा करडईच्या फुलांतून निघतो, आणि करडई आपल्या जिल्ह्याच्या रब्बीतलं ओळखीचं पीक. तो रंग उन्हाने विटतो, म्हणून एका पागोट्याला ताजा कुसुंबी आणि दुसऱ्याला त्याचाच उडालेला गुलाबी दिला की दोन्ही खरे वाटतात. चकचकीत जांभळा आणि पोपटी बाटलीतच राहू द्या.

ढाल काळपट तपकिरी, तिच्यावर चार पितळी फुलं. निशाण पातळ कागदाचं करा, फेविकॉल लावून तारेभोवती दुमडा, ओलं असतानाच लाटा पाडा, मग भगवा रंग. घडीच्या आत गडद, वरच्या कडेला फिकट.

जमीन

२८ मिमीच्या एका घोड्याला २५ × ५० मिमीचा बेस रूढ आहे. सुताराकडून ३ मिमी एमडीएफची पट्टी कापून घ्या. आपल्या शेतातली काळी माती थेट लावायचा मोह होईल, पण ती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि पातळ बेसही वाकवते. मुरूम घ्या. चहाच्या गाळणीने चाळा, जुन्या तव्यावर भाजा म्हणजे ओल आणि किडे जातात, फेविकॉलवर पसरा. वाळल्यावर काळ्या मातीचा रंग त्यावर रंगवा आणि कोरड्या ब्रशने फिकट करडा फिरवा.

गवत हिरवं करू नका. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघत, म्हणजे पाऊस सरलेला आणि माळ पिवळा पडत चाललेला. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे दिवाळीनंतर एक चक्कर मारलीत तर नेमका रंग दिसेल. काथ्याची दोरी उसवून तिचे तंतू बोटभर कापा, जुडीच्या बुडाला गोंद लावून उभे करा आणि वाळल्यावर कात्रीने वेडेवाकडे छाटा. घोड्याच्या खुरांवर आणि पायांवर त्याच जमिनीच्या रंगाची धूळ कोरड्या ब्रशने चढवा, नाहीतर घोडा जमिनीवर ठेवल्यासारखा दिसतो, चालून आल्यासारखा नाही.

शेवटी प्रत्येक बेसखाली मॅग्नेटिक शीटचा तुकडा चिकटवा आणि पथक मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात उभं करा. प्रवासात भाले एकमेकांत अडकत नाहीत. तो डबा उन्हाळ्यात बंद गाडीत मात्र ठेवू नका, रेझिनचे पाय तेवढ्या उष्णतेने वाकतात आणि घोडा एका बाजूला कलतो.